केबलवरचा पीसी आणि वायफायवरचा प्रिंटर
केबलवरच्या डेस्कटॉपला वायफायवरचा प्रिंटर दिसत नाही, असं तुम्ही म्हणताय. वरच्या उत्तरांत सगळे जण ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) बदलायला सांगताहेत, पण मला वेगळीच शंका आहे. फायबर इंटरनेटवाल्याने दिलेला डबा आणि तुमचा स्वतःचा राउटर, दोघंही आयपी पत्ते (नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाचा क्रमांक) वाटत असणार.

पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig, पीसीचा आयपी पत्ता दाखवणारी विंडोजची आज्ञा) चालवा. तिथे १९२.१६८.१.क्ष आणि प्रिंटरवर १९२.१६८.०.क्ष असं दिसलं, तर एकाच घरात दोन चुली मांडल्यासारखं झालंय. फायबरच्या डब्याकडून येणारी केबल तुमच्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या खाचेत) गेली की तो आपलं वेगळं नेटवर्क थाटतो. बाहेरच्या, म्हणजे थेट डब्याला जोडलेल्या पीसीला आतलं काही दिसत नाही.

राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (यात तो वेगळं नेटवर्क न थाटता फक्त वायफाय देतो) असेल तर तो निवडा, काम झालं. बऱ्याच जुन्या राउटरमध्ये हा मोड नसतो (माझ्याकडचाही तसाच). मग आधी त्याला १९२.१६८.१.२ सारखा, दुसऱ्या कुणाला न दिलेला पत्ता द्या, डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि मगच केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडण्याच्या खाचेत) घाला. क्रम चुकवू नका, नाहीतर राउटरच्या सेटिंगच्या पानावर पोचताना नाकी नऊ येतात.

आणि हो, प्रिंटर गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) तर नाही ना? तिथली उपकरणं बहुधा मुद्दामच वेगळी ठेवलेली असतात.