सिकलसेल: सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, आता लग्नाचं काय?

कुरखेड्याहून: शिबिरात पोरीची सोल्युबिलिटी (सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाची प्राथमिक टेस्ट) पॉझिटिव्ह आली. रोगच ना हा? सोयरिक जुळली आहे.

— रोगच असेल असं नाही. ही टेस्ट रक्तात एचबीएस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) आहे एवढंच सांगते. वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या लॅब टेस्ट) कळतं. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, रिपोर्ट फसतो.

— पोराचीही एचपीएलसीच करा. सोल्युबिलिटीत थॅलेसेमियाचा (दुसरा आनुवंशिक रक्तरोग) वाहक सुटतो, आणि सिकलसेलसोबत ती जोडीही मुलासाठी वाईटच. दोघंही एएस असले तर दर गरोदरपणात मूल एसएस होण्याचा २५ टक्के धोका.

— पोरगी एसएस निघाली तर हायड्रॉक्सियुरिया हे औषध, सोबत नियमित सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), कारण या औषधाने पांढऱ्या पेशी उतरतात. औषध चालू असताना मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली जीन थेरपी (जनुकांवरचा उपचार)? किंमत कोटींत, सोडा.