शब्दचर्चा: रिसर्च पार्टिसिपंट म्हणजे उत्तरदाता, माहितीदार की सहभागी?

नमस्कार, जरा मदत हवीय. समाजकार्यात एमए करतेय, राहते ऐरोलीला, प्रबंध मराठीतच लिहायचाय. विषय खाडीकाठच्या गावांतल्या मासे विकणाऱ्या बायका. पद्धत क्वालिटेटिव्ह, म्हणजे मुलाखती, गटचर्चा वगैरे, आणि गावातल्याच दोन मुली माझ्याबरोबर मुलाखती घेतायत. अडलंय ते शब्दांपाशी. पार्टिसिपंटला कुठे उत्तरदाता तर कुठे माहितीदार, निवेदक, सहभागी असं सगळंच सापडतं. कम्युनिटीला समाज लिहू की समुदाय? आणि आपण लिहिलेलं लोकांना परत दाखवून बरोबर आहे का विचारतो, त्या मेंबर चेकिंगला मराठीत काय म्हणतात?

---

ताई, मराठीत लिहिताय हे वाचूनच बरं वाटलं. बरीच वर्षं बेलापूर पट्ट्यातल्या गावठाणांत हेच काम करतोय म्हणून जरा लांबण लावतो.

उत्तरदाता हा छापील प्रश्नावलीतला माणूस, चार पर्यायांतला एक सांगितला की त्याचं काम संपलं, तुमच्या बायका दोन-दोन तास बोलणार त्यांना तो शब्द अपुरा पडतो. माहितीदार म्हटलं की गावात लोकांना खबऱ्या आठवतो, तो नकोच. निवेदक चालेल पण त्याने स्टेजवरचा माईक डोळ्यासमोर येतो. राहिला सहभागी, आणि माझं म्हणणं असं की तो शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय. सरकारी योजनेत लोकसहभाग म्हणजे श्रमदान नाहीतर लोकवर्गणी, काय बांधायचं ते आधीच ठरलेलं असतं. संशोधनातही तेच चालतं, प्रश्न आपले, वेळ आपली, निष्कर्ष आपले, आणि वर लिहायचं सहभागी संशोधन. काय विचारायचं हे ठरवताना त्या बायका होत्या का? तुम्हाला आरोग्यावर विचारायचं असेल आणि त्यांना बाजारात बसायची जागा, बर्फ आणि संडास यावर बोलायचं असेल तर कोणाचा प्रश्न राहिला? त्यांचा राहिला असेल तर बिनधास्त सहभागी लिहा. नसेल तर ‘माहिती देणाऱ्या स्त्रिया’ लिहा, त्यात कमीपणा काही नाही आणि खरं तरी आहे.

अजून दोन शब्द तुम्ही विचारले नाहीत पण सांगतोच, सर्वे आणि सही. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली, ठाणे आणि रायगडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना त्यानंतरची. इथे सर्वे म्हटलं की मोजणी आणि सही म्हटलं की आता काय जाणार, असंच ऐकलं जातं. आमच्या एका कामात संमतीपत्र पुढे केलं तर आजीने ते वाचायला न सांगता आधी उलटं केलं आणि म्हणाली, “मांगं कोरं कशाला ठेवलंय? यावर नंतर काय लिवनार?” इतका रास्त प्रश्न कुठल्या एथिक्स कमिटीने विचारलेला मी तरी ऐकलेला नाही. तेव्हापासून मागची बाजू पेनने तिरकी रेघ मारून बंद करतो, एक प्रत त्यांच्याकडे ठेवतो आणि वर संमतीपत्र न लिहिता ‘बोलणं टिपून घ्यायला होकार’ असं लिहितो.

मेंबर चेकिंगला मला वाटतं मराठीत आयता शब्द आहे. ग्रामसभा घ्या नाहीतर सोसायटीची मीटिंग, अजेंड्यावर पहिला विषय काय असतो? मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचायचं, कोणी “मी असं बोललोच नव्हतो” म्हटलं तर दुरुस्त करायचं, आणि मगच ते कायम. मी ‘वाचून कायम करणे’ हेच वापरतो, लोकांना समजावून सांगावं लागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढा. कोलंबियात १९७० च्या दशकात ओर्लांदो फाल्स बोर्दा या समाजशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या साथीदारांनी शेतकऱ्यांच्या लढ्यांचा इतिहास शेतकऱ्यांबरोबर बसून जमवला आणि चित्रकथांच्या पुस्तिका करून त्यांनाच परत दिला.

---

दादांशी सहमत. कम्युनिटीबद्दल ठाण्यातून थोडं. समाज म्हटलं की आपल्याकडे थेट जात, आगरी समाज, कोळी समाज, आणि तुमच्या बाजारात बसणाऱ्या सगळ्या काही एका समाजाच्या नसणार. समुदाय कायद्याच्या कागदात ठीक, बोलताना कोणी म्हणत नाही. येऊरला काम करताना आम्ही सरळ ‘पाड्यावरचे लोक’ म्हणायचो आणि अहवालातही तेच लिहिलं. तुम्ही गावाचं नाव घेऊन ‘मासे विकणाऱ्या बायका’ लिहा ना. आणि ट्रान्झेक्ट वॉकची, म्हणजे लोकांबरोबर गावातून चालत बघत माहिती घेण्याची, वेळ आली तर शिवारफेरी म्हणा, पाणलोटाच्या कामांमुळे हा शब्द महाराष्ट्रभर गेलाय, फक्त तुमच्याकडे शिवार उरलंय किती ते बघा, खाडीफेरी जास्त बरोबर होईल. गटचर्चेच्या जागी कधीकधी अभ्यासगट पण बसतो. गडचिरोलीत मेंढा लेखा गावाचे लोक निर्णयाआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात, बाहेरचा माणूस बोलवायचा तर तो त्यांच्या प्रश्नासाठी.

---

दोघांचे खूप आभार, वाचून कायम करणे तर लगेच उचललं. एक राहिलं, त्या दोन मुलींना सहसंशोधक लिहू ना?

---

लिहा, पण नुसतं आभाराच्या पानावर नको. मुलाखतींवर त्यांचं नाव, जे छापाल त्यावर त्यांचं नाव, आणि दिवसाचं मानधन आधी ठरवून. त्या दिवशी त्यांची दुसरी मजुरी बुडते हे आपण विसरतो. आणि एकदा त्यांनाच विचारा.

---

विचारलं. दोघींनाही सहसंशोधक नकोय. म्हणाल्या, “मुलाखतकार लिही, बायोडेटात टाकता येतं आणि काय केलं ते पण कळतं.” मोठी तर म्हणाली की आमच्या मुलाखती किती आणि तुझ्या किती ते पण वेगळं लिही. आता पद्धतीच्या प्रकरणात तसा तक्ता टाकतेय आणि गाईडना सोमवारी दाखवणार आहे.