मदत हवी आहे: कार्बन फायबरच्या बॉनेटवरील पाण्याचे डाग

माझ्या गाडीचे बॉनेट कार्बन फायबरचे असून, क्षारयुक्त पाण्याने धुतल्यावर ते उन्हातच वाळल्यामुळे त्यावर पांढरट डाग पडले आहेत. शाम्पूने ते निघाले नाहीत. व्हिनेगरमध्ये तेवढेच डिस्टिल्ड वॉटर मिसळून, त्यात भिजवलेले मायक्रोफायबर कापड एका कोपऱ्यावर मिनिटभर ठेवले आणि लगेच धुतले, तेव्हा वरचा क्षार विरघळला. पण तिरप्या उजेडात पाहिले की प्रत्येक थेंबाच्या जागी बारीक कडेचे वर्तुळ अजून दिसते आणि खालची कार्बन धाग्यांची काळी वीण तेवढ्यापुरती धूसर वाटते. नखाला मात्र खड्डा लागत नाही.

मशीनने पॉलिश करायला मन धजत नाही. येथे खाली रंगाचा थर नाही. क्लिअर कोट (वरचा पारदर्शक संरक्षक थर) झिजला तर कार्बनचे धागे बांधून ठेवणारे इपॉक्सी रेझिन उघडे पडून अतिनील किरणांनी पिवळे पडेल, आणि क्लिअर कोटची जाडी मोजावी तर नेहमीचे गेज धातूच्या पत्र्यासाठी असते.

हाताने बारीक पॉलिश केल्याने ही वर्तुळे जातील का? तसेच सिरॅमिक कोटिंगवर (पाणी न चिकटू देणारा पातळ संरक्षक लेप) पाण्याचे थेंब गोल होऊन तेथेच वाळतात, त्यामुळे डाग उलट वाढतात का? ज्यांनी स्वतः हे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.