मदत हवी आहे: टाईप वन डायबेटिस असलेल्या भावाला जगणं नकोसं वाटतंय

नमस्कार. प्रश्न माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. त्याला विचारूनच लिहितेय. नाव-गाव लिहू नकोस, एवढंच तो म्हणाला.

सातवीत असताना त्याला टाईप वन निघाला. आता तेवीस वर्षांचा आहे, पुण्यात खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाला, "ताई, कंटाळा आलाय गं. झोपताना वाटतं, सकाळी जागच येऊ नये." मी सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "येतात अधूनमधून. काही करणार नाहीये, पण येतात." मी त्याच रात्रीच्या गाडीने पुण्याला आले. सध्या आम्ही दोघं मावशीकडे आहोत. तो जेवतोय, बोलतोय.

त्याचा दिवस कसा जातो ते जवळून पाहिलं की त्याचा थकवा कळतो. इन्सुलिनची रोजची चार इंजेक्शनं त्याच्या अंगवळणी पडलीत, पण ताट समोर आलं की हिशोब सुरू. दोन पोळ्या, वाटीभर भात, मेसच्या आमटीत गूळ किती घातलाय देव जाणे, मग युनिटं किती घ्यायची? परीक्षेच्या टेन्शनने शुगर चढते, अभ्यासाच्या नादात जेवायला उशीर झाला की उतरते. रात्री लो झाला की घामाने भिजून उठतो, ग्लुकोज घेतो, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतो. त्यानंतर झोप कसली लागतेय! काल त्याचा हात हातात घेऊन पाहिला. डाव्या हाताच्या बोटांची टोकं काळ्या ठिपक्यांनी भरलीत, कडा खरखरीत झाल्यात. उजव्या हाताने लिहायचं असतं म्हणून शुगर तपासताना तो टोचायला डावाच हात वापरतो.

त्यात नातेवाईक. "एवढ्या लहान वयात शुगर? गोड फार खायचास का?" शरीराच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या, गोड खाण्याचा यात काही दोष नाही, हे किती जणांना आणि कितीदा सांगायचं? कुणी कारल्याचा रस सुचवतं, कुणी काढा देऊन इन्सुलिन बंद करायला सांगतं. आमचे बाबा जिवापाड काळजी करतात, पण फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तीन महिन्यांची सरासरी शुगर किती आली?" डॉक्टरही रिपोर्ट बघतात, डोस बदलतात, पुढचा पेशंट. तो मला म्हणाला, "शुगर सगळे विचारतात. मला कसं वाटतंय ते कुणीच नाही विचारत."

आधी कुणाकडे जावं, शुगरच्या डॉक्टरांकडे की मानसोपचारतज्ज्ञाकडे? मनाच्या गोळ्यांनी शुगर बिघडते का? आई-बाबांना कसं सांगू? आणि ज्याची मला सर्वात भीती वाटते ते म्हणजे इन्सुलिन. ते काढून घेता येत नाही, त्याच्याशिवाय तो जगूच शकत नाही. मग काळजी घ्यायची कशी?

प्रतिसाद

ताई, मीही टाईप वन आहे, कॉलेजात असल्यापासून. तुम्ही सरळ विचारलंत ते फार चांगलं केलंत. विचारल्याने असे विचार डोक्यात भरतात हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते.

दोघांकडेही जा, आणि दोघांना एकमेकांबद्दल सांगा. रोजच्या या कटकटीने माणूस पार पिचून जातो, त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. नैराश्य वेगळं, पण दोन्ही एकत्रही असू शकतात. जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञ हवाच, आणि याच आठवड्यात. काही गोळ्यांनी भूक, वजन, शुगर बदलते, म्हणून टाईप वन आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. ससूनला मानसोपचार विभाग आहे. मधल्या काळात 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. त्यालाच नाही, तुम्हालाही फोन करता येईल.

इन्सुलिनचं त्याच्याशी उघड बोला. लपूनछपून इन्सुलिनची पेनं मोजू नका, तो दुखावेल. सध्याचं त्याच्याजवळ राहू दे, जास्तीचा साठा त्याच्या संमतीने तुमच्याकडे किंवा मावशीकडे ठेवा. त्याच्याजवळ किती ठेवायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. माझ्या वाईट दिवसांत माझ्या बायकोने हे केलं होतं. मला त्याचा राग आला नाही, सुटल्यासारखं वाटलं.

अजून एक. लो असताना मन उगाच काळवंडतं, रडू येतं, चिडचिड होते. अशा वेळी आधी शुगर तपासा, ७० च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज द्या. पण सगळं शुगरवर ढकलू नका, नॉर्मल असतानाही विचार येत असतील तर ते तितकेच खरे. त्याने डोस टाळायला सुरुवात केली, किंवा काही ठरवल्यासारखं बोलला, तर एक क्षणही एकटं सोडू नका, थेट इमर्जन्सीला न्या.

प्रतिसाद

माझ्या मुलीला टाईप वन आहे म्हणून आईच्या बाजूने सांगते. आई-बाबांना सांगा, पण तो समोर असताना, आणि डॉक्टरांना भेटल्यावर. म्हणजे काळजीबरोबर पुढे काय करायचं हेही त्यांच्या हातात असेल. बाबांना एकच काम द्या: महिनाभर फोनवर शुगरचा आकडा विचारायचा नाही. अवघड जाईल त्यांना, मलाही गेलं. आता आम्ही आठवड्यातून एकदाच शुगरबद्दल बोलतो, तेही तिने विषय काढला तर.

धागाकर्ती

मनापासून आभार. त्याने स्वतः सगळं वाचलं. जास्तीची पेनं आज मावशीच्या फ्रिजमध्ये ठेवली, त्यानेच आणून दिली. गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळालीय, शुगरच्या डॉक्टरांना मेसेज केलाय. रात्री 14416 वर तो स्वतः बोलला, मी बाहेरच्या खोलीत होते. काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. शनिवारी आई-बाबा येताहेत.

आता एवढंच विचारायचंय: पुण्यात टाईप वन असलेली त्याच्या वयाची मुलं प्रत्यक्ष भेटतात असा एखादा गट कुणाला माहीत आहे का? फोनवरचे ग्रुप नको म्हणतोय, त्याला समोर बसून बोलायचंय.