शब्दचर्चा : आदिमानवाचा चेहरा ‘पुनर्रचित’ की ‘साकारलेला’?

प्रश्न : मुलांसाठी मानवाच्या उत्क्रांतीवर पुस्तिका लिहिते आहे. जीवाश्मांवरून घडवलेल्या चेहऱ्याला नेमकं काय म्हणावं? पुनर्रचना, पुनर्निर्मिती, प्रतिकृती असे तीन शब्द जमलेत. लूसी या आदिमानव स्त्रीच्या चित्राखाली यातला कोणता शोभेल?

– ‘प्रतिकृती’ नको, ताई. प्रतिकृतीला समोर मूळ वस्तू लागते. लूसीच्या हाडांचे साचे घेऊन ओतलेला सांगाडा ही प्रतिकृती. तिचा चेहरा नव्हे. १९७४ साली इथिओपियात हडार इथे ती सापडली, वय सुमारे ३२ लाख वर्षं. सांगाडा जेमतेम ४० टक्के, त्यात कवटीचे मोजके तुकडे आणि खालचा जबडा. म्हणजे तिचं डोकं घडवायचं तर तिच्या जातीच्या इतर कवट्यांकडूनच उसनं घ्यावं लागतं. मी ‘पुनर्रचना’ लिहीन. (संस्कृत संधीने खरं तर ‘पुनारचना’ व्हायला हवं, निः + रस = नीरस होतं तसं. पण मराठीत ‘पुनर्रचना’ पक्का रुळलाय, त्याला हात लावू नये.)

– पुनर्रचना हाडांपुरती ठीक. इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदर गुहेतल्या निअँडरथल (आपल्याशी जवळचं नातं असलेली, आता नामशेष मानवजात) स्त्रीची कवटी दोनशेहून जास्त तुकड्यांत मिळाली. ते तुकडे जुळवले, ती पुनर्रचना. त्यावर केनिस या डच जुळ्या भावांनी चढवलेला चेहरा २०२४मध्ये लोकांसमोर आला, त्याला मात्र हा शब्द लावू नये. ‘पुनर्’ म्हणजे होतं तसं परत, आणि नाकाचा शेंडा, ओठ, कानाची पाळी, कातडीचा रंग यातलं काहीच हाडांबरोबर टिकत नाही.

घडवलेला चेहरा ‘होता तसाच’ मानला की किती नुकसान होतं ते पाहा. १९०८ साली फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सें इथे एका म्हाताऱ्या निअँडरथलचा सांगाडा मिळाला. जीवाश्मतज्ज्ञ मार्सेलँ बूल यांनी त्याला गुडघ्यात वाकलेला ठरवलं. १९०९मध्ये कुपका या चित्रकाराने केसाळ, हातात सोटा घेतलेला रानटी प्राणी रंगवला आणि लोकांनी तोच खरा मानला. त्या म्हाताऱ्याला सांधेदुखीने ग्रासलं होतं, एरवी निअँडरथल आपल्यासारखे ताठ चालत, ही मांडणी १९५७मध्ये झाली. अर्धं शतक एका चित्राने एका अख्ख्या मानवजातीची बदनामी केली, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझं मत ‘साकारणे’ला. नट शिवाजी महाराज साकारतो तेव्हा तो महाराज नव्हे, हे लहान मूलही जाणतं. भूमिका तीच, नट वेगळे. कवटी तीच, चेहरे वेगळे. शिवाय ‘साकारला’ म्हटलं की ‘कुणी?’ हा प्रश्न पाठोपाठ येतोच. ‘पुनर्रचना’मागे कलाकार लपून राहतो.

– मग नर्मदा मानवाचं काय? १९८२मध्ये अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात हथनोरा इथे कवटीचा वरचा भाग मिळाला. चेहऱ्याचं हाड नाही, जबडा नाही.

– तिथे सरळ ‘कल्पनाचित्र’. साकारायलाही बूड लागतं.

प्रश्नकर्ती : पटलं. ओळ अशी करते : ‘लूसी. तिची हाडं आणि तिच्या जातीच्या इतर कवट्या पाहून साकारलेला चेहरा.’ खाली कलाकाराचं नाव, हाडांच्या फोटोइतक्याच ठळक अक्षरात.