ई-सिगारेटमधील वात: कापूस, सिलिका की सिरॅमिक?

मूळ मत
भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी आहे. ब्रिटनमध्ये मात्र ती कायदेशीर आहे आणि अनेक जण सिगारेट सोडण्यासाठी तिचा आधार घेतात. तेथील वापरकर्ते निकोटीनचे प्रमाण पाहतात, पण द्रव शोषून तो तापणाऱ्या तारेपर्यंत पोहोचवणारी, तारेला टेकलेली वात कशाची आहे हे क्वचितच विचारतात. माझ्या मते ती कापसाचीच असावी. सुरुवातीच्या उपकरणांत वात म्हणून काचतंतूंची किंवा सिलिकाची (वाळूतील मुख्य घटकाची) दोरी असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांना २०१३ मध्ये अशा उपकरणांच्या वाफेत कथील, लोह, निकेल यांच्याबरोबर सिलिकेटचेही कण आढळले. मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीपेन्सिल कामगारांचे सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या रोगाने, काय झाले, हे ज्याला ठाऊक आहे तो ही दोरी तोंडाजवळ नेणार नाही.

प्रतिसाद १
मंदसौरचे उदाहरण येथे लागू होत नाही. तेथील धूळ स्फटिकरूप सिलिकाची होती, आणि सिलिकोसिस तिच्यामुळेच होतो. वातीतील सिलिका अस्फटिक असते आणि तिचे स्फटिकीकरण होण्यास साधारण हजार अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान लागते. वात ओली असेपर्यंत तिचे तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहते. त्या द्रवाचे मुख्य घटक म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, जे १८८ अंशांना उकळते, आणि ग्लिसरीन, जे २९० अंशांना. कापसाचे काय होते, ते निरांजनाने आपल्याला शिकवलेच आहे: तेल आहे तोवर तेल जळते, तेल संपले की वात. कोरड्या कापसाचे सेल्युलोज करपले की त्यातून निघणारे अल्डिहाइड वर्गातील त्रासदायक पदार्थ थेट श्वासात जातात. सिलिका निदान जळत तरी नाही.

मूळ लेखक
मंदसौरची तुलना मी मागे घेतो. ती चुकीची होती. परंतु सिलिका जळत नाही, याच भरवशावर लोक वात कोरडी ठेवून तार लालबुंद होईपर्यंत तापवत आणि तिच्यावरचा काळा थर जाळून काढत. त्या वेळी उत्कलनबिंदूचा आधार उरत नाही, आणि वारंवार तापलेले तंतू ठिसूळ होऊन तुटतात. कापूस करपला की घशाला झोंबणारी चव लगेच कळते व माणूस थांबतो. २०१५ मध्ये जास्त व्होल्टेजवर ई-सिगारेटच्या वाफेत फॉर्माल्डिहाइड हे घातक अल्डिहाइड आढळल्याची बातमी गाजली, तेव्हाही हाच आक्षेप घेतला गेला होता की इतक्या करपट वाफेचा झुरका कोणी घेत नाही.

प्रतिसाद २
चव कळते हे खरे. पण ती करपल्यावर कळते, आधी नाही. शिवाय 'सेंद्रिय कापूस' या शब्दांवर विसंबू नये. ते पिकाच्या लागवडीविषयी सांगतात, तापलेल्या वातीविषयी काहीच सांगत नाहीत. कच्च्या कापसावर मेणाचा थर असतो, त्यामुळे तो द्रव शोषत नाही. तो थर काढण्यासाठी अल्कलीची प्रक्रिया करतात, बहुतेकदा ब्लीचही करतात, आणि मागे काय उरले हे धुण्यावर अवलंबून असते. सच्छिद्र सिरॅमिकमध्ये सुटे तंतू नसतात म्हणून मला ते बरे वाटते, मात्र त्याला तडा गेल्यास भुकटी सुटण्याची शक्यता मी नाकारत नाही. ब्रिटनमध्ये निकोटीनचे प्रमाण वेष्टनावर छापावेच लागते. त्याच ओळीखाली वातीचे द्रव्य आणि ती केव्हा बदलावी हेही छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे.