तीन दिवस परिषद, थोडंसं थेसालोनिकी : तुमचे अनुभव लिहा

सप्टेंबरात ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातल्या अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठात माझा पेपर आहे. तीन दिवस परिषद, चौथ्या दिवशी रात्री परतीचं विमान. जे कामानिमित्त जाऊन आलेत त्यांनी लिहा. गाइडबुकातलं नको, काय पाहिलंत आणि काय हुकलं ते सांगा.

धातुकाका :
आमचीही परिषद तिथेच होती. जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला निघालो आणि जवळच रोटुंडा लागला. बाहेरून विटांचं बोजड पिंप! आत गेलो आणि मान जी वर गेली ती खाली येईना. घुमटाच्या कडेने सोनेरी मोझेक, पुष्कळसं पडून गेलेलं. इ. स. ३०० नंतर लवकरच रोमन सम्राट गॅलेरियसने ही वास्तू उभारली, मग तिचं चर्च झालं, मग मशीद. मिनार अजून बाजूला उभा आहे. भिंती सहा मीटरहून जाड, त्यामुळे भर दुपारी आत गारवा. दुपारच्या सत्राचा अध्यक्ष मीच आहे, हे तिथे उभं असताना आठवलं.

भटकभवानी :
काका, धन्य! माझं मत खाण्याला. सकाळी हॉटेलचा नाश्ता सोडा आणि बुगात्सा खा. चिरोट्यासारखे पापुद्रे, आत गरम क्रीम, वर पिठीसाखर आणि दालचिनी. दुकानदार रुंद पात्याने तिचे खटाखट तुकडे करतो. मांसाची बुगात्साही मिळते. खिम्याला ते 'किमास' म्हणतात, तेव्हा शाकाहारींनी कान उघडे ठेवावेत.

मुक्काम ठाणे :
मी जरा वेगळं लिहितो. ज्या आवारात तुमचा पेपर आहे, तिथे पूर्वी ज्यूंची प्रचंड दफनभूमी होती. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना या शहराने आसरा दिला, त्यांच्या पिढ्यान् पिढ्या तिथे पुरलेल्या. डिसेंबर १९४२ मध्ये, जर्मन अमलाखाली, ती उखडायला सुरुवात झाली. थडग्यांचे दगड बांधकामांना वापरले गेले. पुढच्याच वर्षी चाळीस हजारांहून जास्त माणसं आगगाड्यांत कोंबून ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत नेली. आवारात २०१४ पासून एक स्मारक आहे. गळ्यात बिल्ला, हातात कॉफी, असा मी तीन दिवस तिथे वावरलो आणि हे कळलं शेवटच्या संध्याकाळी. तुम्ही पहिल्याच दिवशी जा.

सदरा_इस्त्रीचा :
परिषदेचे बूट घालून आनो पोलीचा, म्हणजे जुन्या वरच्या वस्तीचा चढ चढू नका. टाचा सोलवटून घेतल्यात मी. पण तटबंदीपाशी बसलो, हवा स्वच्छ होती, आणि आखातापलीकडे ऑलिंपस, ग्रीक देवांचा डोंगर, दिसला. देवांचा पत्ता इतका सरळ दिसेल असं वाटलं नव्हतं. पांढरा मनोरा लांबूनच पाहिला. तो काही पांढरा नाही, मळक्या दगडाचा आहे. व्हेनिझेलू मेट्रो स्थानकात मात्र उतराच : खणताना सापडलेला जुना रस्ता स्थानकातच जपलाय.

धातुकाका :
चौथा दिवस व्हर्जिना गावाला द्या. साधारण दीड तासाचा रस्ता. मातीच्या टेकाडाच्या पोटात प्राचीन मॅसिडोनियाच्या राजांची थडगी आहेत, १९७७ मध्ये सापडलेली. अस्थींची सोन्याची पेटी, झाकणावर सोळा किरणांचा तारा.

भटकभवानी :
आणि काका तिथे असतील तर विमानाची वेळ दुसऱ्या कुणाला तरी लक्षात ठेवायला सांगा.